पदपथावरची विष्ठा आणि निकामी होणारी औषधे

२०१५ साली फिनलंडमधल्या एका घरातल्या दोन कुत्र्यांचे कान वाहत होते. दुखणे जुने होते, औषधे झाली होती, तरी कान बरे होत नव्हते. कानातल्या स्रावाची तपासणी झाली तेव्हा त्यात ई. कोलाय हा आतड्यात राहणारा नेहमीचा जिवाणू सापडला. जिवाणू नेहमीचा असला तरी त्याची ताकद नेहमीची नव्हती. ‘एनडीएम-५’ नावाचे विकर तयार करण्याची क्षमता त्याच्याकडे होती. अतिदक्षता विभागात बाकीची औषधे हरल्यावर डॉक्टर ज्या कार्बापेनेम गटाकडे वळतात, त्या गटालाच हे विकर निकामी करते. मग घरातल्या माणसांचीही तपासणी झाली. त्यांच्यापैकी एकाच्या आतड्यात तोच जिवाणू निघाला, जनुकीय रचनेने कुत्र्यांमधल्या जिवाणूचा सख्खा भाऊ शोभावा असा. कुत्र्याकडून माणसाकडे गेला की माणसाकडून कुत्र्याकडे, हे अशा प्रकरणांत ठामपणे सांगणे अवघड असते. एका छपराखाली राहणाऱ्या दोन जातींच्या प्राण्यांमध्ये तो वाटला गेला होता, एवढे मात्र निर्विवाद होते.

या विकराच्या नावातला ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली. भारतात उपचार घेऊन परतलेल्या एका रुग्णाच्या शरीरात २००८ साली स्वीडनमध्ये या विकराचा पहिला प्रकार, एनडीएम-१, ओळखला गेला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीतल्या रस्त्यांवर साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत त्याचे जनुक आढळले. म्हणजे दवाखान्याच्या चार भिंतींतला वाटणारा हा प्रश्न तेव्हाच रस्त्यावर आलेला होता. २०१३ साली अमेरिकेतल्या पाळीव प्राण्यांमध्येही एनडीएम-१ असल्याची नोंद झाली.

कुत्र्याच्या विष्ठेचा प्रश्न या पार्श्वभूमीवर बघायला हवा. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात सकाळी मैदानाला फेरी मारणाऱ्याला ही घाण दिसते. तक्रारही रोज होते, पण ती दुर्गंधीची, बरबटलेल्या चपलेची आणि शेजाऱ्याच्या बेपर्वाईची असते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन दिवस भांडण होते आणि विरते. महापालिकाही हा विषय घनकचऱ्याच्या खात्यात टाकून मोकळी होते. वास्तविक त्याची जागा सार्वजनिक आरोग्याच्या खात्यात आहे. रस्त्यावर पडलेली विष्ठा हे अँटिबायोटिकांच्या बेफिकीर वापराचे उघड्यावर आलेले टोक आहे, आणि ते तसे मानूनच त्याचा बंदोबस्त झाला पाहिजे.

कुत्र्याच्या एक ग्रॅम विष्ठेत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी. कुत्र्याला अँटिबायोटिक दिले की आजार करणाऱ्या जिवाणूंबरोबर हे निरुपद्रवी जिवाणूही मरतात. ज्यांच्याकडे त्या औषधावरचा तोडगा आहे तेवढे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये झालेल्या एका छोट्या पण नेटक्या प्रयोगात साध्या जुलाबाने आजारी असलेल्या कुत्र्यांचे दोन गट केले होते. एका गटाला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड, तर दुसऱ्याला औषध नसलेली गोळी दिली. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की औषध घेतलेली कुत्री दुसऱ्या गटापेक्षा लवकर बरी झाली नाहीत. त्यांच्या विष्ठेतल्या अमॉक्सिसिलिनला न जुमानणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण मात्र चढले आणि उपचार संपून तीन आठवडे उलटले तरी ते दुसऱ्या गटापेक्षा जास्तच राहिले. ते तीन आठवडे अशा कुत्र्याचे सकाळ-संध्याकाळ फिरणे काही थांबत नाही.

यापुढची गोष्ट अधिक काळजीची आहे. जिवाणू आपली प्रतिकारशक्ती फक्त पुढच्या पिढीला देत नाहीत, शेजाऱ्यालाही देतात. १९५०च्या दशकात जपानमध्ये आमांशाच्या साथीचा अभ्यास करताना हे लक्षात आले. शिगेला या जिवाणूमध्ये एकाच वेळी अनेक औषधांना पुरून उरण्याची शक्ती दिसली आणि ती ई. कोलायकडून उचललेली असू शकते हे प्रयोगांनी दाखवून दिले. प्लास्मिड नावाच्या, डीएनएच्या छोट्या वर्तुळातून ही देवाणघेवाण होते. त्यामुळे कुत्र्याच्या आतड्यातला जिवाणू स्वतः माणसाला आजारी पाडतो का, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. माती, गटार किंवा माणसाचे आतडे यांपैकी कुठेही तो आपले जनुक दुसऱ्याच्या हवाली करू शकतो.

औषधेही दोघांची जवळजवळ तीच आहेत. माणसांना मिळणारे अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन, डॉक्सिसायक्लिन, मेट्रोनिडॅझोल कुत्र्यांनाही दिले जाते. एन्रोफ्लॉक्सासिन हे जनावरांसाठीचे वेगळे औषध मानले जाते, पण शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलतो. लघवीच्या जळजळीपासून टायफॉइडपर्यंत भारतीय घरांत वर्षानुवर्षे आणले गेले ते हेच औषध. जिवाणूला प्राण्याचे औषध आणि माणसाचे औषध हा फरक कळत नाही.

प्रत्यक्ष रस्त्यावर काय सापडते? इटलीच्या दक्षिणेतल्या बारी शहरात संशोधकांनी रस्त्यांवर पडलेल्या कुत्र्यांच्या विष्ठेचे नमुने गोळा केले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात परजीवी कृमी, काही थोड्या नमुन्यांत साल्मोनेला आणि अनेक औषधांना दाद न देणारे एंटरोकॉकस जिवाणू आढळले. विष्ठा जमिनीवरच राहते असेही नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड आणि डेट्रॉइट या शहरांच्या हवेतले जिवाणू २०११ साली तपासले गेले. हिवाळ्यात झाडे निष्पर्ण असताना तिथल्या हवेत तरंगणाऱ्या जिवाणूंचा सर्वांत मोठा संभाव्य स्रोत कुत्र्याची विष्ठा निघाली. महाराष्ट्रातला उन्हाळा याहून कोरडा असतो. एप्रिल-मेमध्ये विष्ठा दोन दिवसांत वाळते, पायाखाली भुगा होते आणि खराट्याबरोबर उडते. त्या खराट्यामागे तोंडाला फडके गुंडाळलेली सफाई कामगार बाई असते. पावसाळ्यात तीच विष्ठा विरघळून पावसाळी गटारात, तिथून नाल्यात आणि कोणत्याही प्रक्रियेविना नदीला किंवा समुद्राला मिळते.

हा धोका कल्पनेतला नाही, याचा सर्वांत स्पष्ट दाखला अमेरिकेत मिळाला. २०१६ ते २०१८ या काळात तिथे शंभराहून अधिक लोकांना कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूमुळे जुलाब, ताप, पोटदुखी झाली. राज्ये वेगवेगळी, पण बहुतेक रुग्णांचा संबंध एकाच गोष्टीशी लागत होता, तो म्हणजे पाळीव प्राण्यांच्या दुकानांतली कुत्र्याची पिल्ले. काही रुग्ण तर त्या दुकानांतले कर्मचारीच होते. हा जिवाणू नेहमी वापरल्या जाणाऱ्या सगळ्या औषधांना पुरून उरत होता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १४९ पिल्लांचे कागद तपासले तेव्हा त्यातल्या १४२ पिल्लांना विक्रीआधी निदान एकदा तरी अँटिबायोटिक दिलेले होते आणि निम्म्याहून अधिक पिल्लांना ते आजार नसतानाच, खबरदारी म्हणून दिले होते. इथे विष्ठा रस्त्यावर नव्हती, दुकानातल्या पिंजऱ्यात होती. पण साखळी तीच: विनाकारण दिलेले औषध, आतड्यात निवडले गेलेले जिवाणू, विष्ठेशी आलेला हात आणि तोंडापर्यंत पोचलेला तोच हात.

साखळीचे आणखी एक टोक ताटात आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाने ६०० निरोगी पाळीव कुत्र्यांची विष्ठा तपासली. कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्यांत सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारे ई. कोलाय सापडण्याची शक्यता जास्त होती. हा निष्कर्ष भारतात अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ साली राजधानी परिसरातल्या चिकनचे ७० नमुने तपासले होते आणि ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकांचे अंश आढळले होते. पोल्ट्रीत औषध खाल्लेल्या कोंबडीची आतडी, पाय आणि छाट संध्याकाळी चिकनच्या दुकानाबाहेर कुत्र्यांसमोर पडतात. अलीकडे कच्चे मांस हाच कुत्र्याचा नैसर्गिक आहार असल्याचे समाजमाध्यमांवर वाचून हौसेने तसे खाऊ घालणारे मालकही वाढत आहेत. मांस शिजवून घातले तर हे जिवाणू मरतात. इतका स्वस्त उपाय या सगळ्या प्रकरणात दुसरा नाही.

आता भटक्या कुत्र्यांविषयी. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. महाराष्ट्रात ती पावणेतेरा लाखांच्या आसपास होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या कुत्र्यांबाबत आधी एक आदेश दिला आणि काही दिवसांतच तो बदलला, तेव्हा देशभर रान पेटले. चर्चा चावण्याची झाली, रेबीजची झाली, निर्बीजीकरणाची आणि निवारागृहांची झाली. कुत्र्यांच्या बाजूने आणि विरुद्ध चाललेल्या या आरडाओरड्यात विष्ठेतल्या जिवाणूंचा विषय कुणाच्या तोंडी नव्हता. तो येताना कुत्र्यांवर राग काढण्याचे आणखी एक निमित्त म्हणून येऊ नये. भटक्या कुत्र्याने मेडिकलमध्ये जाऊन गोळ्या घेतलेल्या नसतात. त्याच्या आतड्यातले प्रतिकारक्षम जिवाणू त्याला उकिरड्यातून, उघड्या गटारातून, चिकनच्या दुकानाच्या दारातून मिळालेले असतात. शहराने जे टाकले ते त्याने खाल्ले. कचरा उघड्यावर राहील तोवर कुत्री हटवली तरी त्या उकिरड्यावर उंदीर, डुकरे आणि कावळे येतील आणि तेच जिवाणू पुढे नेतील.

पाळीव कुत्र्याचे तसे नाही. त्याच्या मागे नाव असलेला मालक, पत्ता आणि फाइल ठेवणारा पशुवैद्य असतो. म्हणून पहिली जबाबदारी त्या घराकडे जाते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. खरा गुन्हेगार सोडून कुत्र्याच्या शीमागे लागण्यात काय अर्थ? हैदराबादजवळच्या पटनचेरूमध्ये औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्वीडिश संशोधकांना २००७ साली लिटरमागे तब्बल ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले होते. उपचार घेणाऱ्या माणसाच्या रक्तातही ते एवढे नसते. रुग्णालयांचे सांडपाणी, डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या गोळ्या, पोल्ट्री, मत्स्यशेती हे सगळे वाटे कुत्र्यांपेक्षा मोठे आहेत. हे सगळे खरे. पण मोठा नाला तुंबला आहे म्हणून घराची मोरी कुणी उघडी ठेवत नाही. कारखान्याच्या सांडपाण्यावर नागरिकाचा हात चालत नाही, कुत्र्याच्या पट्ट्यावर चालतो. शिवाय कारखान्याचे पाणी दूर वाहते. ही विष्ठा घसरगुंडीच्या पायथ्याशी असते, जिथे तीन वर्षांचे मूल मातीत हात घालून तेच बोट तोंडात घालते.

आणि दुखणे किती मोठे आहे हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ साली औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले. त्यातले जवळपास तीन लाख भारतातले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या रुग्णालयांत आलेल्या नमुन्यांमध्ये इमिपेनेम या राखीव औषधाला दाद न देणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण २०१६ साली १४ टक्के होते, २०२१ साली ते ३६ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांत अडीच पट. राखीव फळीच अशी ढासळत असताना समाजात फिरणाऱ्या जिवाणूंचा कोणताच साठा किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

औषध एका प्राण्याला द्यावे आणि किंमत भलत्यानेच मोजावी, याचा अनुभव या देशाने एकदा घेतला आहे. गुरांच्या सांधेदुखीवर, तापावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांचे मांस खाणाऱ्या गिधाडांच्या पोटात गेले आणि काही वर्षांत गिधाडे जवळजवळ संपली. सरकारने २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली, तोवर फार उशीर झाला होता. गिधाडे गेल्यावर उघड्यावरची मढी खायला वाढली ती भटकी कुत्रीच. पशुवैद्यकीय औषधाचा परिणाम पशूपाशी थांबत नाही हे त्यातून शिकायचे होते.

करायचे काय, तर पहिले काम मालकांचे. विष्ठा उचलायची, दरवेळी आणि पूर्ण. न्यूयॉर्क शहरात १ ऑगस्ट १९७८ पासून कुत्र्याची घाण उचलणे कायद्याने सक्तीचे झाले. तेव्हा हे माणसे कधी करणार नाहीत असे म्हटले गेले होते, आज तिथे न उचलणाऱ्याकडे लोक वळून पाहतात. मुंबई महापालिकेच्या २००६च्या स्वच्छता उपविधींतही पाळीव प्राण्याची घाण न उचलणाऱ्याला दंड आहे. दंड आहे, पण वसूल करणारा माणूस सकाळी साडेसहाला मैदानावर नसतो. इटलीतल्या बोल्झानोने कुत्र्यांच्या डीएनएची नोंद सक्तीची करून विष्ठेवरून मालक शोधायचा मार्ग धरला. महाराष्ट्रातल्या पालिकांना एवढ्या लांब जायची गरज नाही. मैदानाच्या प्रत्येक फाटकाशी झाकणाचा डबा, कागदी पिशव्या आणि सकाळ-संध्याकाळ एक पावती-पुस्तक असलेला कर्मचारी, एवढ्याने सुरुवात होते. जमा झालेली विष्ठा घरच्या किंवा सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खतात टाकू नये, कारण त्या ढिगात जिवाणू मारण्याइतकी उष्णता बहुधा तयार होत नाही. तिची विल्हेवाट वेगळीच लावावी लागेल. सफाई कामगारांना हातमोजे, मास्क आणि लांब दांड्याचे खोरे द्यावे लागेल आणि ते वापरले जातात हे मुकादमाने पाहावे लागेल.

दुसरे काम पशुवैद्यांचे आणि त्यांच्यावर दबाव आणणाऱ्या मालकांचे. ‘डॉक्टर, काहीतरी जोरदार द्या’ हे वाक्य माणसांच्या दवाखान्याइतकेच पशुवैद्याकडेही ऐकू येते. युरोपातल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, की कुत्र्याला साधे तीव्र जुलाब होत असतील आणि तो एरवी ठीक असेल, तर अँटिबायोटिक देऊ नये. युरोपीय संघाने तर २८ जानेवारी २०२२ पासून जनावरांना सरसकट खबरदारी म्हणून अँटिबायोटिक देण्यावरच बंदी घातली. कातडीचे किंवा कानाचे दुखणे पुन्हा पुन्हा उलटत असेल तर औषध बदलत बसण्याआधी कल्चर करून घ्यावे. घरातल्या माणसाच्या उरलेल्या गोळ्या अंदाजाने अर्ध्या करून कुत्र्याला देणे बंद व्हावे. अर्धवट मात्रेतून जिवाणू शिकतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणातच बजावले होते.

तिसरे काम महापालिकेचे आणि ते सर्वांत सोपे असून कुणी मनावर घेत नाही. देशात प्राण्यांमधल्या प्रतिकारक्षम जिवाणूंची नोंद ठेवणारे ‘इन्फार’ नावाचे जाळे आहे, पण त्याचा भर खाद्यासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या आणि मासे यांच्यावर आहे. शहरातल्या कुत्र्यांची माहिती गोळा करायला मात्र व्यवस्था आधीच तयार आहे. निर्बीजीकरणासाठी पालिका रोज वस्त्यावस्त्यांतून कुत्री उचलते. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार त्यांना पकडल्या जागीच परत सोडायचे असल्याने प्रत्येक कुत्र्याचा ठिकाणा नोंदवावा लागतो. तिथे भूल दिलेल्या दर विसाव्या कुत्र्याच्या गुदद्वारातून कापसाचा एक बोळा फिरवला आणि तो प्रयोगशाळेत पाठवला, तर कोणत्या वॉर्डात कोणते जिवाणू फिरत आहेत याचा नकाशा वर्षभरात हाती येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ‘ट्रायसायकल’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली, ती अशाच कामासाठी. माणूस, प्राणी आणि पर्यावरण या तिन्ही ठिकाणी एकच जिवाणू मोजायचा: सेफॅलोस्पोरिन गटाला निकामी करणारी ईएसबीएल विकरे तयार करणारा ई. कोलाय. साधी पोषक माध्यमे आणि उबवणी यंत्र असलेली कोणतीही प्रयोगशाळा हे करू शकते. पशुवैद्यकीय महाविद्यालये मुंबईत परळला आहेत, नागपूरला आहेत, परभणीला आहेत, शिरवळला आहेत. त्यांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना याहून उपयुक्त प्रबंधविषय मिळणार नाही.

अडचण पैशाची कमी आणि दालनांची जास्त आहे. पालिकेत कुत्री पशुवैद्यकीय खात्याकडे, विष्ठा घनकचरा खात्याकडे, ताप आलेले मूल आरोग्य खात्याकडे आणि नाला पर्जन्यजल वाहिन्यांच्या खात्याकडे असतो. जिवाणू या चारही खात्यांतून फिरतो आणि फाइल एकाही खात्यातून दुसऱ्यात जात नाही. आयुक्तांनी एका आदेशाने या चौघांना एकत्र बसवावे, एक वॉर्ड आणि एक पावसाळा निवडावा, मैदानांवरचे डबे आणि दंडवसुली सुरू करावी, निर्बीजीकरण केंद्रातले बोळे तपासायला पाठवावेत आणि पुढच्या अर्थसंकल्पाआधी त्याचे आकडे नागरिकांसमोर ठेवावेत.